नवा कोच कसा आहे? त्याने कोणाला नेमलं ते बघा

(हा एपिसोडचा लेखी मजकूर आहे. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, सगळे काढलेले नाहीत.)

 

आजचा विषय जरा लांबचा आहे, अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा. फुटबॉल म्हणजे आपला मेस्सीवाला नाही बरं का. लांबुळका चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड, तो वाला. नियम माहीत नसले तरी काही बिघडत नाही, कारण आज आपण मैदानात फारसे उतरणारच नाही. प्रश्न साधा आहे. एखाद्या कॉलेजात नवीन कोच आला, आणि त्याची एकही मॅच अजून झालेली नाही, तर तो चालेल की नाही हे ओळखायचं कसं?

मला या खेळाचा नाद लावला माझ्या रूममेटने. बीटेक झाल्यावर मी पुण्यात नोकरीला लागलो आणि तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये एमएससाठी बॅटन रूजला गेला, लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत. तिकडे सगळे तिला एलएसयू म्हणतात. त्यांची मॅच शनिवारी संध्याकाळी सात वाजता सुरू झाली की आपल्याकडे रविवारची पहाट, साडेपाच. मी गाढ झोपेत, आणि फोनवर हा स्टेडियममधून ओरडतोय, मागे लाखभर माणसांचा गोंगाट. त्या हंगामात एलएसयूने १५ पैकी १५ मॅच जिंकल्या आणि थेट राष्ट्रीय विजेतेपद घेतलं.

पुढच्याच वर्षी तोच कोच, तेच स्टेडियम, आणि निकाल काय? ५ विजय, ५ पराभव. मी विचारलं, "अरे, एका वर्षात एवढं काय झालं?" तो म्हणाला, "खेळाडू गेले, ते तर जाणारच होते. पण कोचच्या हाताखालची दोन माणसं गेली आणि त्यांच्या जागी आणलेली चुकली."

आजचा अख्खा एपिसोड या एका वाक्यावर आहे.

हेड कोच नेमकं करतो काय?

हेड कोच हा लग्नघरातल्या कर्त्या माणसासारखा असतो. तो स्वतः जिलब्या तळायला बसत नाही. पण आचारी कोण, मांडव कोणाचा, पाहुण्यांकडे कोणी बघायचं, हे तो ठरवतो. जेवण बिघडलं तर आचाऱ्याचं नाव कोणी घेत नाही, नाव त्याचंच निघतं.

कॉलेज फुटबॉलच्या वरच्या पातळीवर साधारण १३५ टीम आहेत. एकेका टीममध्ये शंभरेक खेळाडू असतात. हेड कोचच्या हाताखाली दोन मुख्य माणसं: एक आक्रमणाचा कोऑर्डिनेटर आणि एक बचावाचा. मॅच चालू असताना पुढची चाल कोणती हे बऱ्याच टीममध्ये हेच दोघं ठरवतात. त्यांच्या खाली प्रत्येक जागेचे वेगवेगळे कोच. २०१७ पर्यंत असे नऊ पूर्णवेळ सहाय्यक ठेवता यायचे, २०१८ पासून दहा झाले, आणि २०२४ मध्ये मैदानावर कोणी शिकवायचं यावरचं बंधन आणखी सैल झालं.

मग स्ट्रेंथ कोच. व्यायाम करून घेणारा. नाव ऐकून तो दुय्यम वाटतो, पण हंगाम नसतो तेव्हा खेळाडूंचा कितीतरी वेळ याच माणसाबरोबर जातो. आणि आता जनरल मॅनेजर ही नवी जागा आली आहे. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात आणि २०२५ पासून कॉलेजं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. एवढे पैसे कोणावर आणि किती लावायचे हे बघायला माणूस लागतोच. स्टॅनफर्डने २०२४ मध्ये या जागी अँड्र्यू लक या आपल्याच जुन्या क्वार्टरबॅकला बसवलं.

आता वेळापत्रक बघा. नवीन कोचची घोषणा बहुतेक वेळा नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरात होते. पहिली मॅच थेट ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात. मधले आठ-नऊ महिने हातात काहीच नसतं. पत्रकार परिषद असते, पण तिथे सगळेच छान बोलतात. पक्का पुरावा एकच: त्याच्या हातात कॉलेजचे पैसे दिले, तेव्हा त्याने कोणाकोणाला बोलावलं?

म्हणून चाहते त्या यादीवर तुटून पडतात. आणि बहुतेक जण ती चुकीची वाचतात, कारण ते फक्त नावं बघतात. मोठं नाव दिसलं की खूश, अनोळखी नाव दिसलं की नाराज.

एकच माणूस, दोन याद्या

एलएसयूच्या त्या कोचचं नाव एड ऑर्जरॉन. लुइझियानाचाच माणूस, घोगरा आवाज, खेळाडूंमध्ये जीव ओतणारा. त्याचं मूळ काम बचावफळीच्या पहिल्या रांगेला शिकवणं आणि चांगली पोरं हेरून आणणं. २००५ ते २००७ तो ओले मिसला हेड कोच होता. तिथला हिशोब: १० विजय, २५ पराभव. आपण सगळ्या टीमला बचावफळीसारखंच हाकत होतो, हे त्याने नंतर स्वतःच मान्य केलं.

२०१६ मध्ये एलएसयूने हंगामाच्या मध्यावर लेस माइल्सला काढलं आणि ऑर्जरॉनला आधी तात्पुरतं, मग कायम नेमलं. त्याने पहिलं काय केलं? माइल्सनेच आणलेला बचावाचा कोऑर्डिनेटर डेव्ह अरांडा तसाच ठेवला. नव्या साहेबाला जुन्या साहेबाची माणसं नको असतात, पण याने चांगला माणूस ओळखला आणि सोडला नाही.

आक्रमणाच्या बाजूला मात्र अडलं. मॅट कॅनडा हे तेव्हाचं गाजलेलं नाव आणलं, एका हंगामात दोघं वेगळे झाले. मग घरचाच स्टीव्ह एन्समिंगर कोऑर्डिनेटर झाला. २०१८ मध्ये १० विजय, ३ पराभव. वाईट नाही. पण पासिंगचा आधुनिक खेळ आपल्याला येत नाही, हे ऑर्जरॉनला कळत होतं.

म्हणून २०१९ च्या जानेवारीत त्याने न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक टीममधून जो ब्रेडी नावाचा २९ वर्षांचा मुलगा आणला. ब्रेडी तोवर कधीच कुठे कोऑर्डिनेटर नव्हता. नाव बघणाऱ्यांना त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. एन्समिंगर कोऑर्डिनेटर राहिला, ब्रेडीकडे पासिंगचा खेळ दिला. आणि क्वार्टरबॅक जो बरो, ज्याने आदल्या वर्षी १६ टचडाउन पास दिले होते, त्याने या वर्षी ६० दिले. टीमची सरासरी मॅचमागे ४८.४ गुण. बरोला हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. आणि ब्रेडीला ब्रॉइल्स अवॉर्ड, म्हणजे सर्वोत्तम सहाय्यक कोचचा मान.

ही पहिली यादी. आता दुसरी.

विजेतेपदाच्या काही दिवसांतच ब्रेडी व्यावसायिक लीगमधल्या कॅरोलायना पँथर्सकडे गेला. अरांडा बेलरचा हेड कोच झाला. आता ऑर्जरॉनसमोर तोच प्रश्न परत आला: कोणाला आणायचं?

बचावासाठी त्याने बो पेलिनीला आणलं. पेलिनी २००५ ते २००७ एलएसयूतच बचाव सांभाळत होता आणि तेव्हा टीमने विजेतेपद जिंकलं होतं. मोठं नाव, गोड आठवण. पण मधली पाच वर्षं तो खालच्या पातळीवरच्या यंग्सटाउन स्टेटचा हेड कोच होता आणि तेवढ्यात वरच्या पातळीवरचा पासिंगचा खेळ बदलला होता. ब्रेडीच्या जागी स्कॉट लाइनहॅन आला. तोही व्यावसायिक लीगमधला माजी हेड कोच, म्हणजे पुन्हा मोठं नाव.

२०२० ची पहिली मॅच घरच्या मैदानावर, मिसिसिपी स्टेटविरुद्ध. समोरच्या क्वार्टरबॅकने पासवर ६२३ यार्ड काढले. एसईसी या लीगच्या इतिहासातला तो विक्रम. गतविजेते ४४-३४ ने हरले. हंगाम संपला आणि पेलिनी, लाइनहॅन दोघंही गेले.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. सगळं खापर या नेमणुकांवर फोडता येत नाही. त्या वर्षी एलएसयूचे १४ खेळाडू व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये गेले होते, आणि वर कोविड. टीम खाली येणारच होती. पण किती खाली, ते नेमणुकांनी ठरवलं.

२०२१ साठी ऑर्जरॉनने काय केलं बघा. आक्रमणासाठी जेक पीट्झला आणलं. कुठून? कॅरोलायना पँथर्समधून, म्हणजे ब्रेडी जिथे गेला होता तिथून. ब्रेडी नाही तर ब्रेडीसारखा! हंगाम ६ विजय, ७ पराभवांचा झाला. पण त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, कॉलेजने जाहीर केलं की हंगामानंतर ऑर्जरॉन जाणार. विजेतेपदाला जेमतेम २१ महिने झाले होते. त्याला घरी पाठवायला सुमारे १ कोटी ६९ लाख डॉलर मोजावे लागले.

माणूस तोच. २०१९ मध्ये त्याने 'मला काय येत नाही?' असं विचारलं आणि त्या जागेसाठी माणूस शोधला. २०२० मध्ये 'पूर्वी काय चाललं होतं?' असं विचारलं आणि २०२१ मध्ये 'गेलेल्यासारखा कोण आहे?' असं.

खरी परीक्षा दुसऱ्या यादीची

माझं म्हणणं एवढंच: पहिली यादी बघून कोचला स्वतःची किती ओळख आहे ते कळतं. पण तो टिकेल का, हे दुसऱ्या यादीवरून कळतं. कारण चांगली टीम बांधली की त्यातली माणसं जातातच. यश मिळालं की इतर कॉलेजं येऊन तुमचेच सहाय्यक उचलून नेतात.

निक सेबनचं उदाहरण घ्या. अलाबामात त्याने सहा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली: २००९, २०११, २०१२, २०१५, २०१७ आणि २०२० च्या हंगामांत. या सहा विजेतेपदांमागे आक्रमणाचे कोऑर्डिनेटर किती? पाच. मॅकएल्वेन, नुसमायर, किफिन, डेबोल, सार्किझियन. बचावाचे तीन. माणसं बदलत गेली आणि दर वेळी खुर्ची बरोबर भरली गेली. लेन किफिनला त्याने २०१४ मध्ये घेतलं तेव्हा किफिनला दुसऱ्या कॉलेजने हंगामाच्या मधेच काढून टाकलेलं होतं. स्वभाव सेबनच्या अगदी उलट. पण वेगवान आक्रमण त्याला येत होतं आणि सेबनला तेच हवं होतं.

मग आपली जुनी माणसं आणणं चूक की बरोबर?

हा प्रश्न नेहमी येतो. याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

स्कॉट फ्रॉस्ट २०१७ मध्ये यूसीएफबरोबर अजिंक्य राहिला, १३-०. मग नेब्रास्काला गेला, जिथे तो स्वतः एकेकाळी क्वार्टरबॅक होता. जवळजवळ सगळा स्टाफ सोबत घेऊन गेला. सगळे खूश! शेवटी हिशोब: १६ विजय, ३१ पराभव. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये एकाच झटक्यात आक्रमणाचे चार कोच काढले, आणि २०२२ च्या सप्टेंबरात, तीन मॅच झाल्यावर, स्वतः गेला.

कर्ट सिग्नेटी २०२३ च्या नोव्हेंबरअखेर जेम्स मॅडिसनहून इंडियानाला आला. त्यानेही तेच केलं: बचावाचा ब्रायंट हेन्स आणि आक्रमणाचा माइक शॅनाहन, दोघंही सोबत आणले. वर डझनभर खेळाडूही आले. इंडियाना म्हणजे तोवर या पातळीवर इतिहासात सर्वात जास्त मॅच हरलेली टीम, आणि आदल्या वर्षीचा हिशोब ३-९. पहिल्याच वर्षी ११-२. दुसऱ्या वर्षी १६-० आणि राष्ट्रीय विजेतेपद.

निर्णय सारखाच, निकाल उलटे. फरक कुठे शोधायचा? मी तरी आधीच्या नोकरीत शोधतो. फ्रॉस्टला यूसीएफमध्ये दोनच वर्षं मिळाली. त्याची पहिली यादी चालली, पण चांगला माणूस गेल्यावर खुर्ची कशी भरतो हे दिसायला तेवढा काळ पुरेसा नव्हता. सिग्नेटी २०११ पासून हेड कोच. त्याआधी तो सेबनच्या अलाबामातल्या पहिल्या स्टाफमध्ये होता. तिथून उठून तो दुसऱ्या श्रेणीतल्या एका छोट्या कॉलेजला गेला आणि पायरी पायरीने वर आला. हेन्स आणि शॅनाहन त्याला तिथेच, त्या छोट्या कॉलेजात भेटलेले.

आणि त्याची दुसरी यादीही आधीच तपासून झाली होती. जेम्स मॅडिसनला त्याचा बचावाचा कोऑर्डिनेटर होता कोरी हेदरमन. २०२१ नंतर हेदरमन गेला. नेमकं तेव्हाच कॉलेज वरच्या पातळीवर खेळायला येत होतं, म्हणजे सगळ्यात अवघड वेळ. सिग्नेटीने सूत्रं हेन्सकडे दिली. पहिल्या वर्षी ८-३, दुसऱ्या वर्षी सिग्नेटी निघेपर्यंत ११-१. गंमत पुढे आहे. २०२६ च्या जानेवारीत इंडियानाने मायामीला २७-२१ ने हरवून विजेतेपद घेतलं, त्या मॅचमध्ये एका बाजूचा बचाव हेन्सकडे होता आणि मायामीचा बचाव कोणाकडे? हेदरमनकडे. जो गेला तोही फायनलला, ज्याला त्याच्या जागी बसवलं तोही फायनलला!

म्हणजे घरातल्याच माणसाला बढती दिली की झालं का? तसंही नाही. क्लेमसनच्या डॅबो स्विनीने २०१० चा ६-७ हंगाम झाल्यावर आक्रमणाचा कोऑर्डिनेटर बदलला. २०१२ च्या जानेवारीत ऑरेंज बोलमध्ये ७०-३३ असा मार खाल्ला, तर बचावाचाही बदलला आणि ब्रेंट व्हेनेबल्सला बाहेरून आणलं. पुढे आतल्याच टोनी एलियट आणि जेफ स्कॉट यांना बढती दिली आणि २०१६, २०१८ ची विजेतेपदं आली. पण २०२१ नंतर व्हेनेबल्स आणि एलियट गेल्यावर पुन्हा आतल्याच माणसांना वर घेतलं, आणि या वेळी जमलं नाही. आक्रमणाचा कोऑर्डिनेटर एका वर्षात बदलावा लागला, बचावाचा तीन वर्षांत. आतला की बाहेरचा, हा प्रश्नच अपुरा आहे. त्या वेळी टीमला काय कमी पडतंय, हे आधी विचारलं पाहिजे.

तर यादी वाचायची कशी?

मी चार प्रश्न विचारतो.

एक: कोचला स्वतःला काय येत नाही, आणि ती जागा कोणी भरली? बचावातून आलेला कोच असेल तर आक्रमणाचा माणूस आधी बघा.

दोन: आधीच्या नोकरीत याची माणसं गेली तेव्हा याने काय केलं? नवीन कोचची दुसरी यादी तिथेच सापडते. नसेल सापडत, तर पहिल्या यादीवर फार नाचू नका.

तीन: नेमलेला माणूस गेल्या दोन-तीन वर्षांत काय करत होता? दहा वर्षांपूर्वीची ट्रॉफी आजच्या मॅचला कामी येत नाही.

चार: चुकलेल्या माणसाला हा बदलू शकतो का, आणि किती वेळात? मित्राला काढणं सोपं नसतं. पण उशीर झाला की फ्रॉस्टसारखं चौघांना एकदम काढावं लागतं आणि तोवर स्वतःची वेळ भरलेली असते.

आणि हे फक्त चाहत्यांचं कोडं नाहीये. हेड कोच गेला की बहुतेक वेळा त्याच्याबरोबर खालचा स्टाफही जातो. त्याला कोटींमध्ये भरपाई मिळते. खालच्या कोचला मात्र पुन्हा नवीन गाव, मुलांची नवीन शाळा. आणि ज्या पोराने या माणसांच्या भरवशावर कॉलेज निवडलं, त्याची खेळायची वर्षं मोजकीच असतात.

जाता जाता

हा एपिसोड आत्ताच का केला ते सांगतो. माझ्या टीममधला सगळ्यात सीनियर माणूस गेल्या महिन्यात नोकरी सोडून गेला आणि त्याच्या जागी कोण हवा हे लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. आयुष्यात पहिल्यांदाच. मी दोन तास बसून लिहिलं. खूश होऊन रूममेटला फोनवर वाचून दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "मस्त. पण तू पीट्झ शोधतोयस."

खरं होतं. मी गेलेल्या माणसाचं वर्णन लिहिलं होतं. तेच अनुभव, तीच टूल्स, अगदी तोच स्वभाव. ते फाडलं आणि दुसऱ्या दिवशी नव्याने बसलो. आता टीममध्ये उरलेल्या आम्हा पाच जणांना काय येत नाही, त्याची यादी केली. मला काय येत नाही ते सगळ्यात वर लिहिलं. लिहिताना हात जरा अडखळला, खोटं कशाला बोलू.

इंटरव्ह्यू पुढच्या आठवड्यात आहेत. निकाल लागायला वर्ष जाईल, आमच्याकडे तर दर शनिवारी स्कोअरबोर्डही नसतो.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.